फुकटच्या फ्लॅटचं गणित

प्रश्न : आमची कोथरूडमधली सोसायटी पस्तीस वर्षांची, तीन मजली, बिनलिफ्टची. बिल्डर म्हणतो, जुन्यापेक्षा मोठा फ्लॅट देतो, बांधकाम होईपर्यंत भाडं देतो, सामान हलवायचा खर्चही देतो. त्याला हे परवडतं कसं? आणि मागच्या गल्लीतली आमच्याएवढीच सोसायटी दोन वर्षं बिल्डरची वाट पाहतेय, तिला कुणी विचारत नाही. असं का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : फुकट कुणी काही देत नाही. तुम्ही जमीन देता, म्हणजे त्या जमिनीवर अजून जे बांधता येईल त्याचा हक्क देता. तो किती आहे, यावर सगळा सौदा ठरतो.

समजा, तुमचा प्लॉट हजार चौरस मीटरचा आहे. जुन्या नियमांत त्यावर साधारण हजार चौरस मीटर बांधकाम झालं. राज्याच्या २०२०च्या एकत्रित नियमावलीत बिगर-गावठाण भागात मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) १.१ आहे. रस्ता ९ ते १२ मीटरचा असेल तर महापालिकेला पैसे भरून ०.५ प्रीमियम एफएसआय घेता येतो आणि बाजारातून ०.४ टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा बांधकामाचा हक्क) विकत घेता येतो. बेरीज २. (बाल्कनी, जिना, लॉबी यांसाठी घरांना आणखी ६० टक्क्यांपर्यंत अ‍ॅन्सिलरी एफएसआय मिळतो. पण पूर्वी यातलं बरंचसं मोजलंच जात नसे, त्यामुळे ते बाजूला ठेवू.) म्हणजे एकाचे दोन झाले. त्यातून तुमची घरं थोडी वाढवून दिली, तरी उरलेली बाजारभावानं विकता येतात आणि तुमचं भाडंही त्यातूनच निघतं.

आता मागच्या गल्लीत जा आणि रस्ता मोजा. नुसतं डांबर नव्हे, मंजूर लेआउटमधली रुंदी. ती बहुधा सहा मीटर निघेल. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर नाही, प्रीमियमही नाही, मूळ १.१ वरच गाडी थांबते. म्हणजे हजाराचे अकराशे. जुन्या इमारतींना थोडी जास्तीची सवलत मिळते, पण तेवढ्यातून बिल्डर सभासदांना मोठं घर, भाडं कुठून देणार आणि स्वतःला नफा कुठून काढणार? आपण फ्लॅटची टाइल, हवा, देवघराची दिशा बघून घर घेतलं. बिल्डर आधी रस्ता बघतो.

मग सहा मीटरचे रस्ते आले कुठून? १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं, नदीकाठच्या पेठा बुडाल्या आणि पुणं गावाबाहेर पसरायला लागलं. १९६२मध्ये किर्लोस्कर कमिन्स कोथरूडला आली. शेतांचे लेआउट पडले, डहाणूकर कॉलनी, मयूर कॉलनी उभ्या राहिल्या. घरात एक स्कूटर असली तरी कौतुक व्हायचं, अशा लोकांसाठी सहा मीटरचा रस्ता ऐसपैस होता. १९६१ला शहराची लोकसंख्या सहा लाखांच्या आसपास होती, १९९१ला साडेपंधरा लाख, २००१ला पंचवीस लाख (या शेवटच्या उडीत १९९७ला हद्दीत आलेल्या गावांचाही वाटा आहे). रस्ते मात्र होते तेवढेच राहिले.

महापालिकेनं २०२०मध्ये असे ३२३ रस्ते सहाचे नऊ मीटर करायचा प्रस्ताव आणला. दोन्ही बाजूंच्या सोसायट्यांनी दीड-दीड मीटर सोडला की नऊ होतात. कागदावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात कोपऱ्यावरच्या बंगलेवाल्याला पुनर्विकासात रस नसतो आणि त्याला कुंपण मागे घ्यायचं नसतं. हे बिल्डरांच्या सोयीसाठी चाललंय, अशी टीकाही झाली, आणि ती अगदीच निराधार नव्हती. तरी माझं मत विचाराल तर रुंदीकरण हवंच. नाहीतर अरुंद गल्लीतल्या सत्तरीच्या आजींनी भाजीची पिशवी घेऊन तिसरा मजला चढत राहायचं, आणि रुंद रस्त्यावरच्या आजींना लिफ्ट. मेट्रोच्या वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी स्थानकांपासून ५०० मीटरच्या आत हिशेब आणखी वेगळा, तिथे एफएसआय चारपर्यंत जातो. पण तिथेही रस्त्याची रुंदी सुटत नाही.

या सगळ्यात माणसंही बदलतात. जुन्या इमारतीच्या नावांच्या बोर्डावरचे अर्धे सभासद आता परदेशातल्या मुलांकडे, घरात भाडेकरू, उरलेले निवृत्त. नव्या इमारतीत दुप्पट कुटुंबं येतात, बरीचशी हिंजवडीची नोकरी करणारी, दोन गाड्यांची. पार्किंग तळघरात जातं. पाणी मात्र खडकवासल्याचंच, आणि गल्लीखालची ड्रेनेजची लाइन जुनीच. एकेका इमारतीला परवानगी देताना हे प्रश्न लहान दिसतात. एकाच गल्लीत आठ टॉवर झाले की टँकर दिसू लागतात.

तुमच्यापुरतं एक सांगतो. बिल्डरशी बोलण्याआधी जमीन सोसायटीच्या नावावर आहे का, हे प्रॉपर्टी कार्डवर बघा. पुष्कळ ठिकाणी ती अजून मूळ बिल्डरच्याच नावावर असते. तसं असेल तर आधी सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेयन्सचा (बिल्डरच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा) अर्ज. मग विशेष सर्वसाधारण सभा : पुनर्विकासाबाबत राज्य सरकारच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन-तृतीयांश सभासदांची हजेरी आणि एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची लेखी संमती. सभेचं चित्रीकरण करावं लागतं, त्यामुळे भांडायचं असेल तर ते आधी जिन्यात उरकून घ्या.