'नाही' आणि 'नको'

मुलांनो, मराठीत 'नाही' वेगळे आणि 'नको' वेगळे. 'वही नाही' म्हणजे वही जवळ नाही. 'वही नेऊ नको' म्हणजे वही आहे, पण ती न्यावी अशी इच्छा नाही. दखनी बोलीतला 'नक्को' मराठीतूनच गेला आहे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मित्र वही मागतो. तुमचा अभ्यास राहिलेला असतो. भिडेपोटी वही दिलीत, तर रात्रभर त्याच्यावरच चिडाल. 'वही नाही' म्हणणे तर खोटेच! सरळ म्हणा, "आज नेऊ नकोस. संध्याकाळी घरी ये, मिळून वाचू."

तो थोडा रुसेल. रुसू द्या. कधी तोही तुम्हाला 'आत्ता नको' म्हणेल. दारातून 'परत जा' म्हटले, तर परत जावे, असे सूरह नूरमध्येही सांगितले आहे.

संध्याकाळी तो आला, की चहा मात्र तुम्हीच करा.