मद्यनची विहीर आणि घाटाखालचे वाडे



हजरत मूसा (अ.) मिस्रमधून जीव वाचवून मद्यनला पोहोचले, तेव्हा त्यांच्याजवळ ना शिधा होता, ना कोणाची ओळख. गावाच्या विहिरीवर मेंढपाळांची गर्दी होती आणि दोन स्त्रिया आपली जनावरे मागे आवरून बाजूला उभ्या होत्या. इतर लोक आपले कळप घेऊन हटल्याखेरीज त्यांना पुढे होता येत नव्हते, आणि घरी वडील वृद्ध होते. मूसा (अ.) यांनी त्यांच्या जनावरांना पाणी पाजले व सावलीत जाऊन बसले. जे मागायचे ते त्यांनी आपल्या पालनकर्त्याकडे मागितले, त्या स्त्रियांकडे नाही. सूरह अल्-कससच्या 23 व 24 व्या आयतींत हा प्रसंग आला आहे.

येथे थोडे थांबावे. त्या स्त्रिया भिक्षा मागत नव्हत्या. कळप त्यांचा होता, विहीर गावाची होती. अडथळा फक्त विहीर आणि कळप यांच्यामध्ये होता, आणि मूसा (अ.) यांनी तेवढाच दूर केला. फिरत्या मेंढपाळाला मदत कशी करावी, याचा याहून नेमका धडा माझ्या वाचनात नाही.

हा धडा आपल्या दाराशीच लागू पडतो. दरवर्षी 2 जानेवारीला हुतात्मा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना अभिवादन करण्यासाठी लोक सिद्धगडाकडे येतात. 1943 साली याच दिवशी ते तेथे धारातीर्थी पडले. नेमक्या याच दिवसांत मुरबाड आणि शहापूरच्या मोकळ्या भातखाचरांत धनगरांचे वाडे उतरलेले असतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) व पुणे जिल्ह्यांच्या कोरड्या पट्ट्यातून माळशेजसारख्या घाटांनी ते खाली येतात. घोड्यांवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर पोरे आणि कोंबड्या, मागे दख्खनी मेंढरे. शेतकरी त्यांना आपल्या खाचरात रात्री मेंढरे बसवायला सांगतो, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. पावसाळ्यापूर्वी त्यांना घाट चढून परतावेच लागते, कारण कोकणच्या पावसात या लोकरीच्या जनावराचे खूर सडतात. म्हणजे हा मनुष्य उपरा नाही. आपल्या ताटातल्या भातात त्याच्या कळपाचा वाटा आहे.

काही वर्षांपूर्वी असाच एक वाडा आमच्या मशिदीजवळच्या शेतात उतरला. ओढा आटला होता. एक धनगर आजोबा हंडा घेऊन आले आणि मेंढरांसाठी पाणी मिळेल का, असे विचारू लागले. आमच्या जमाअतचे एक बुजुर्ग मला बाजूला घेऊन म्हणाले, “मौलाना, ही टाकी वुजूसाठी वक्फ आहे. उद्या अल्लाहला जाब कोण देणार?”

चाचांचा प्रश्न कंजूषपणाचा नव्हता. वक्फ करणाऱ्याने जो हेतू ठरवला तो विश्वस्ताने आपल्या मर्जीने बदलू नये, हे खरेच आहे. परंतु दुसऱ्या बाजूचा मसलाही तितकाच खरा आहे. आपण कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई आहोत. आपल्या फिकहमध्ये तयम्मुमची जी कारणे दिली आहेत, त्यांत एक असे आहे की जवळचे पाणी एखाद्या तहानलेल्या जिवासाठी लागत असेल, मग तो जीव जनावर का असेना, तर माणसाने ते त्याला द्यावे आणि स्वतः तयम्मुम करून नमाज पढावी. शिवाय गरजेहून अधिक असलेले पाणी अडवून त्यायोगे चारा अडवण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्पष्ट मनाई केली आहे (बुखारी). पाणी, चारा आणि अग्नी या तिन्हींत लोक भागीदार आहेत, या आशयाची हदीस अबू दाऊदमध्ये आहे.

आम्ही मार्ग असा काढला की वक्फच्या टाकीला हात लावला नाही. बोअरवेलवरून वेगळी नळी काढून भिंतीबाहेर एक हौद बांधला आणि त्याचा व विजेचा खर्च नफ्ल सदक्यातून केला. पहिली रक्कम चाचांनीच दिली.

नंतर एका तरुणाने विचारले, हे लोक मुसलमान नाहीत, त्यांच्यावर खर्च केल्यास सवाब मिळेल का? फर्ज जकातीचे हकदार कुरआनने ठरवून दिले आहेत आणि आपल्या मजहबनुसार ती गैरमुस्लिमाला दिली जात नाही. नफ्ल सदक्याला मात्र ही अट नाही. सूरह अल्-बकराची 272 वी आयत याच संकोचाच्या संदर्भात उतरल्याचे मुफस्सिरांनी लिहिले आहे, आणि जे तुमच्याशी धर्मावरून लढले नाहीत त्यांच्याशी भलाईने व न्यायाने वागण्यास सूरह अल्-मुम्तहिना (आयत 8) मोकळीक देते. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची क्षमा झाली. मग मेंढीच्या आणि तिच्या धन्याच्या बाबतीत शंका का असावी?

आता पाण्यापलीकडचा विचार. सहाराच्या दक्षिण कडेला, माली व नायजर या देशांत, तुआरेग नावाचे मुसलमान पशुपालक राहतात. उंट आणि शेळ्या हीच त्यांची शेती. 1970च्या दशकाच्या आरंभी आणि पुन्हा 1984च्या सुमारास पडलेल्या दुष्काळांत त्यांचे कळप संपले आणि पुष्कळ कुटुंबे शहरांच्या कडेला छावण्यांत आली. मदतीच्या धान्याने माणूस जगला, पण मेंढपाळ संपला. जनावरच नाही, तर तो माळावर परतणार कशाला? त्याआधी त्या पट्ट्यात खोल बोअर खोदण्याचे कामही मोठ्या प्रमाणावर झाले होते. भरपूर पाण्यापाशी शेकडो कळप एकवटले, भोवतालचे गवत संपले आणि जनावरे तहानेने नव्हे, भुकेने मेली. हेतू चांगला असूनही चाऱ्याचा हिशेब राहून गेला होता.

पुढे मदतकार्य करणाऱ्यांनी तेथील पशुपालकांचीच एक जुनी रीत उचलली. नायजरमधील वोदाबे फुलानी लोकांत तिला हब्बानाए म्हणतात. ज्याचा कळप गेला त्याला एक गाय द्यायची, तिची दोन-तीन वासरे त्याच्याकडे राहू द्यायची आणि मग मूळ गाय परत घ्यायची. हे वाचून आपल्याला मनीहा आठवायला हवी. दुभते जनावर दुधासाठी गरजूला देणे आणि नंतर परत घेणे, याला हदीसमध्ये मनीहा म्हटले आहे, आणि बुखारीतील एका रिवायतीत चाळीस सद्गुण सांगून त्यांत शेळीच्या मनीहेला सर्वांत वरचे स्थान दिले आहे. आपल्याकडे अर्धेलीने शेळी देण्याची पद्धत आहे, पण तो व्यवहार आहे, त्यात देणाऱ्याला वाटा मिळतो. मनीहेत देणाऱ्याला फक्त आपले जनावर परत मिळते. रोगाने कळप गेलेल्या धनगराला दोन पाटी अशा रीतीने देणे आपल्यातील मध्यम स्थितीच्या कुटुंबालाही जमण्यासारखे आहे. शासनाच्या महामेष योजनेत अनुदानावर मेंढ्या मिळतात, परंतु सतत फिरणाऱ्याला कागदपत्रे जुळवणे कठीण जाते. अर्ज भरून देणारा एखादा शिकलेला तरुण हीदेखील मदतच. पावसाळ्याच्या तोंडावर आंत्रविषाराची लस टोचण्यासाठी पशुवैद्यकाला वाड्यावर घेऊन जाणे, हीसुद्धा.

आणखी एक गोष्ट बकरी ईदची. बाजाराचा भाव कळण्याआधीच कळपवाल्याला वाटेत गाठून कमी दराने माल उचलण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे. घाट उतरणाऱ्या धनगराला रस्त्यातच अडवून सौदा उरकणारे आपल्यातही आहेत. असा सौदा करून त्यातील नफ्याचा सदका काढणाऱ्याने आधी तो भाव दुरुस्त करावा.

राहिला प्रश्न भांडणाचा. भातानंतर खाचरांत वाल, हरभरा असतो आणि रात्री वाघर सैल झाली की मेंढरे त्यात शिरतात. मग काठ्या निघतात. शरीअतचा सर्वसाधारण नियम असा की दिवसा शेताची राखण शेतकऱ्याने करावी, आणि रात्री जनावराने केलेल्या नुकसानीची भरपाई जनावराच्या मालकाने द्यावी. पण सूरह अल्-अंबियाच्या 78 व 79 व्या आयतींत नेमका हाच खटला आला आहे. मुफस्सिर सांगतात की हजरत दाऊद (अ.) यांनी नुकसानीपोटी मेंढरे शेतवाल्याला द्यावीत असा निवाडा केला. तरुण सुलैमान (अ.) यांनी दुसरा मार्ग सुचवला. शेत मेंढपाळाने घ्यावे आणि ते पूर्वीसारखे होईपर्यंत कसावे. तोवर मेंढरे शेतवाल्याकडे राहावीत, त्यांचे दूध आणि लोकर त्याने वापरावी. शेत उभे राहिले की दोघांनी आपापले परत घ्यावे.