ऐकून ओलांडलेला रस्ता

रस्ता ओलांडण्यापूर्वी आपण दोन्हीकडे बघतो. येणारी गाडी किती लांब आहे, तिचा वेग किती आहे, याचा अंदाज क्षणात बांधतो. ज्यांना दिसत नाही ती माणसेही हेच गणित करतात. फक्त त्यासाठी लागणारी माहिती त्यांना कान, पांढरी काठी आणि तळपाय यांच्याकडून मिळते.

सिग्नल असलेला चौक घेऊ. दृष्टिहीन व्यक्ती आधी काठीने फूटपाथची कड शोधते आणि मग ऐकते. समोरून आडव्या जाणाऱ्या गाड्या थांबल्या आणि आपल्याला ज्या दिशेने जायचे आहे त्याच दिशेच्या, बाजूच्या गाड्या एकदम सुटल्या, की सिग्नल बदलला असे समजायचे. त्यातली एखादी गाडी वळत तर नाही ना, हेही ऐकायचे. ओलांडतानाही या समांतर गाड्यांच्या आवाजाचा आधार घेतला की वाट सरळ राहते. हे सगळे रीतसर प्रशिक्षणात शिकवले जाते.

म्हणजे धोका केवळ माणसाच्या डोळ्यांवर ठरत नाही. परिसर किती माहिती देतो यावरही ठरतो. जोराच्या पावसात गाड्यांचा आवाज झाकला जातो. ताजा, भुसभुशीत बर्फ आवाज शोषून घेतो आणि फूटपाथची कडही लपवतो. राउंडअबाउटवर तर गाड्यांचा ओघ सतत चालू असतो, त्यामुळे 'आता थांबल्या' असा स्पष्ट क्षणच येत नाही. अशा वेळी लांबचा पण सिग्नलचा रस्ता निवडणे हा भित्रेपणा नव्हे, तो हिशेब आहे.

हा हिशेब बिघडवला विजेवरच्या गाड्यांनी. वेगात असताना कोणत्याही गाडीचा मुख्य आवाज टायरचा असतो. पण कमी वेगात तो इंजिनाचा असतो, आणि इथे इंजिनच नाही! पार्किंगमधून हळूच मागे येणारी गाडी ऐकूच येईना. दृष्टिहीनांच्या संघटनांनी हा प्रश्न लावून धरला. अमेरिकेत 2010 मध्ये संसदेने त्यासाठी कायदा संमत केला. त्याखालील नियमानुसार ताशी सुमारे 30 किलोमीटरपर्यंत अशा गाड्यांनी कृत्रिम आवाज करायचा असतो. युरोपीय संघात ही मर्यादा ताशी 20 किलोमीटर आहे आणि जुलै 2021 पासून विजेवरच्या सर्व नव्या गाड्यांना नियम लागू आहे. वेगाबरोबर आवाजही बदलावा लागतो, म्हणजे गाडी वेग घेते आहे की थांबते आहे, हे कानाला कळते.

काही उपाय याहून साधे आहेत. उठावदार ठिपक्यांच्या फरश्या 1967 मध्ये जपानच्या ओकायामा शहरात प्रथम बसल्या. आज त्या जगभर पायांना 'थांब' सांगतात. ब्रिटनमधल्या वाचकांनी सिग्नलच्या बटणाच्या डब्याखाली हात घालून पाहावा. बऱ्याच ठिकाणी तिथे एक छोटा शंकू सापडेल. पादचाऱ्यांसाठी हिरवा दिवा लागला की तो फिरतो. ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, त्यांनाही तो कळतो.

आपणही माहितीत भर घालू शकतो किंवा ती बिघडवू शकतो. न विचारता दंड धरून ओढले की त्या व्यक्तीची दिशा चुकते आणि ऐकण्यातले लक्ष उडते. आधी बोलावे, "मदत हवी आहे का?" असे विचारावे, आणि 'हो' म्हटल्यास आपले कोपर पुढे करावे. 'नको' म्हटल्यास बाजूला व्हावे; त्या व्यक्तीचे ऐकणे चालू असते.