गोधडी घरकामाच्या रांगेत बसवावी



दोह्यात नव्याने संसार मांडणाऱ्या गृहिणीने गोधडीला फावल्या वेळचा छंद न मानता स्वयंपाक, धुणे आणि केरफरशी यांच्या रांगेतच बसवावे. कारण ही बाकीची कामे संध्याकाळपर्यंत पुन्हा होती तशी समोर उभी राहतात, आणि गोधडीला घातलेला टाका मात्र दुसऱ्या दिवशी जागच्या जागी सापडतो.

गोधडी म्हणजे जुन्या सुती वस्त्रांचे थर एकावर एक पसरून धावदोऱ्याने, म्हणजे सुई सरळ वरखाली नेत घातलेल्या साध्या टाक्याने, एकजीव केलेले पांघरूण. कोल्हापूर-साताऱ्याकडे तिलाच वाकळ म्हणतात आणि सीमेपलीकडे कर्नाटकात कौदी. कतारमध्ये उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा तेथे पांघरुणाचे काय काम, ही शंका फसवी आहे. त्या उन्हामुळेच घरातील एसी रात्रंदिवस चालतो, आणि त्याच्या झोतात निजणाऱ्या लेकराला चादर पुरत नाही व रजईत घाम येतो. तेथे घाम टिपणारी, घरी धुता येणारी पातळ गोधडीच कामी येते.

वस्त्र निवडताना दया दाखवू नये. सिंथेटिक साडी कितीही सुरेख असली तरी ती घाम शोषत नाही, म्हणून आतल्या थरातही तिला जागा देऊ नये. सुती नऊवारी हाती असेल तर हिशेब फार सोपा होतो: तिची लांबी सुमारे सव्वाआठ मीटर भरते, तिच्या चार घड्या घातल्या की दोन मीटरांहून थोडा लांब आणि साडीच्या पन्ह्याइतका, म्हणजे तिच्या रुंदीइतका, चार थरांचा तुकडा तयार होतो, आणि एका माणसाच्या गोधडीचे पोट तेवढ्यात भरते. वरचे नवे कापड आधी धुऊन घ्यावे, म्हणजे ते आटायचे तेवढे आटते आणि रंग पुढे पसरत नाही. दोह्यात नदी नाही, नळाचे पाणी समुद्राच्या पाण्यातील क्षार काढून बनवलेले असते, म्हणून ते जपून वापरावे आणि ही वस्त्रे घरच्या धुण्यासोबतच काढावीत. रंग जाणारे कापड तेवढे वेगळे भिजवावे. ज्या उन्हात १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३:३० उघड्यावरचे काम कायद्याने बंद असते, त्या उन्हात रंगीत कापड तासन्‌तास ठेवू नये. सकाळी लवकर, उलटे करून वाळवावे, आणि शमाल, म्हणजे वायव्येकडून येणारा धुळीचा वारा, सुटला असेल त्या दिवशी बाल्कनीत काहीच घालू नये.

फरशी पुसून वाळली की बैठकीच्या खोलीत थर पसरावेत, सुरकुत्या हाताने काढून कच्चे टाके घालावेत, आणि मग कडेने सुरुवात करून दोन बोटांच्या अंतराने चौकोनात चौकोन शिवत मध्याकडे यावे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियाही आपली कवंद, म्हणजे ठिगळांची गोधडी, कडेपासून आत शिवत नेतात आणि तिच्या चारही कोपऱ्यांवर फुला, म्हणजे घड्या घातलेले तिकोनी तुकडे, लावल्याशिवाय ती पुरी झाली असे मानत नाहीत. कोपऱ्याला इतका मान देणारी ही रीत अवश्य उचलावी, कारण गोधडी पहिल्यांदा उसवते ती कोपऱ्यालाच.

रविवार ते गुरुवार, घर रिकामे झाल्यावर, दोह्यात १० वाजतात तेव्हा माहेरी साडेबारा झालेले असतात आणि आईचा ओटा आवरलेला असतो. त्या वेळी फोन समोर उभा करून बोलता बोलता शिवावे, आणि टाका लहान-मोठा होतो आहे का ते आईलाच विचारावे. एक दोरा संपला की उठून कुकर लावावा. मधला वीतभर चौकोन मात्र शिवू नये. हिवाळ्यात आई दोह्याला येईल, तो तिच्या हातासाठी ठेवावा.