गाडी-ट्रॅक्टरचा विक्रेता शब्द फिरवतो तेव्हा



उसाची नोंद, तोडीची तारीख, काट्यावरची वजनाची पावती या कागदांबाबत आपण शेतकरी चोख असतो. एका खेपेचे वजन कमी वाटले तरी पावती घेऊन शेतकी खात्यात विचारायला येतो. पण लाखो रुपयांचा ट्रॅक्टर किंवा मोटार घेताना मात्र "ओळखीचा माणूस आहे" एवढ्यावर भागते. पुढे विक्रेत्याने तारीख मोडली, भाव वाढवून सांगितला किंवा आदल्या वर्षी बनलेली गाडी माथी मारली, की आपल्या हातात दाखवायला काहीच नसते. अशा वेळी काय करावे, ते थोडक्यात पाहू.

१. बुकिंगचा कागद हाच करार

गाडीचे मॉडेल, बनावटीचा महिना व वर्ष, एकूण किंमत, ताबा देण्याची तारीख आणि बुकिंग रद्द केल्यास परत मिळणारी रक्कम या पाच गोष्टी कागदावर पाहिजेतच. "ताबा देण्याच्या दिवशीचा दर लागू" असे बारीक अक्षरात छापलेले असेल, तर दरवाढीची तक्रार लंगडी पडते. म्हणून सही करण्यापूर्वी वाचा, वाचता येत नसेल तर मुलाकडून वाचून घ्या. पैसे चेकने किंवा बँकेमार्फत द्या, आणि पावती घ्या म्हणजे घ्याच. विमा त्याच विक्रेत्याकडून घेतला पाहिजे अशी सक्ती कायद्यात नाही.

२. आपली निकड लिहून द्या

हा मुद्दा ऊस उत्पादकाला फार महत्त्वाचा आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ प्रमाणे करार मोडल्यामुळे सहजपणे होणारे नुकसान भरून मिळते. त्याखेरीज, करार करताना दोघांनाही ठाऊक असलेले नुकसानही मागता येते. तेव्हा "गळीत हंगामाच्या वाहतुकीसाठी ट्रॅक्टर अमुक तारखेपूर्वी हवा, त्यानंतर उपयोग नाही" असे बुकिंगच्या कागदावरच लिहा. नुसते तोंडी सांगितले तर "आम्हाला काय माहीत?" म्हणायला विक्रेता मोकळा राहतो.

३. उशिरा आलेली गाडी निमूट घेऊ नका

करारात वेळेला महत्त्व असेल आणि ती पाळली गेली नाही, तर कलम ५५ प्रमाणे आपण करार रद्द करून पैसे परत मागू शकतो. गाडी उशिरा आली तरी हवीच असेल, तर ताबा घेतेवेळीच "उशिराबद्दलच्या भरपाईचा हक्क राखून ताबा घेत आहे" असे लेखी द्या व पोच घ्या. न लिहिता घेतली, तर त्या उशिराची भरपाई मागता येत नाही. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे नमुना २१ वर, बनावटीचा महिना व वर्ष असते, तेही तेव्हाच तपासा. नोंदणी, निदान तात्पुरती तरी, झाल्याशिवाय गाडी ताब्यात देण्यास विक्रेत्याला मनाई आहे.

४. दाद कोठे मागावी?

प्रथम विक्रेत्याला लेखी नोटीस द्या. काय ठरले, काय मोडले, काय हवे हे लिहा, पंधरा दिवसांची मुदत द्या. नोटीस स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

तेवढ्याने भागले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार येथेच चालते. विक्रेता परजिल्ह्यातला असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंत फी नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये व दहा ते वीस लाखांना ४०० रुपये आहे. वकील दिलाच पाहिजे असे नाही. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत गेले पाहिजे. "आज देतो, उद्या देतो" यात मुदत निघून जाते.

५. आपण 'ग्राहक' आहोत का?

विक्रेत्याचा वकील हमखास म्हणतो, ट्रॅक्टर धंद्यासाठी घेतला, हा ग्राहक नव्हेच. कायदा सांगतो, की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच वस्तू वापरणारा हा ग्राहकच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात हा मुद्दा उलगडला आहे. स्वतःच्या शेतात स्वतः ट्रॅक्टर चालवणाऱ्याला अडचण नसावी. पण चार-पाच ट्रॅक्टर, पगारी चालक व वाहतुकीचा ठेका असेल, तर बहुधा दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागते. तेथे मुदत तीन वर्षांची आहे.

कर्जाची रक्कम विक्रेत्याच्या खात्यावर गेली की गाडी दारात नसली तरी व्याज सुरू होते. तो बोजा आपल्याच उसाच्या बिलातून फिटायचा असतो. म्हणून काट्याची पावती जशी जपता, तसाच बुकिंगचा कागदही जपा.