हुक असलेला टर्नबकल चालेल का?

प्रश्न : आमच्या कारखान्याच्या धुराड्याचे ताण अर्ध्या इंचाच्या टर्नबकलने ओढलेले आहेत. दोन्ही टोकांना हुक आहेत. आटा जाड आहे, मग टोक कोणतेही असले तरी ताकद तीच ना? मागच्या वादळात एक हुक निसटला, म्हणून विचारतो. – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आटा तोच असला तरी ताकद तीच राहत नाही. हुक उघडा असतो. भार वाढला की तो सरळ होऊ लागतो. फोर्ज केलेल्या अर्ध्या इंची टर्नबकलचा सुरक्षित भार टोकांना डोळा (बंद कडी) किंवा जबडा (पिन लागणारे दुभागी टोक) असल्यास साधारण 1000 किलो, तर एका टोकाला जरी हुक असला तरी 680 किलोच्या आसपास. शिवाय ताण सैल पडला की हुक निसटतो, तुमच्याकडे झाले तसे. हुक तात्पुरत्या कामापुरताच ठेवावा.

जमिनीतल्या लोखंडी पट्टीला भोक असेल, तर त्या बाजूला जबडा घ्या. त्याची पिन भोकातून जाते, स्प्लिट पिन मात्र विसरू नका. वायररोपच्या बाजूला डोळा आणि डी-शॅकल. आटे दोन्हीकडून टर्नबकलच्या सांगाड्याच्या आत दिसलेच पाहिजेत. वाऱ्याच्या हादऱ्यांनी सांगाडा उलटा फिरतो, म्हणून तो तारेने बांधा.

घाबरू नका, सगळे बदलायला फार वेळ लागत नाही. फक्त जुना ताण सोडण्यापूर्वी शेजारी तात्पुरता ताण लावा, एका वेळी एकच बदला, आणि भार किती येतो हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या.