तांदळाच्या कोठीतली गोळी

आमच्या माजघरात तांदळाची पत्र्याची कोठी आहे. तिच्या पोटाला, जमिनीपासून वीतभर वर, करंगळीहून बारीक भोक आहे आणि त्यावर एम-सील थापलेलं आहे. पाहुणे विचारतात, गंजली का? मी हो म्हणतो. ते अर्धं खरं आहे. गंज कोठीला नव्हता, माझ्या पिस्तुलाला होता.

सुरुवात २०१२ची. २४ मार्चला दिवेआगरच्या सुवर्ण गणेश मंदिरावर दरोडा पडला. १९९७ साली तिथल्याच एका वाडीत सापडलेला सोन्याचा मुखवटा गेला आणि दोन पहारेकरी जिवानिशी गेले. त्या दिवसापासून श्रीवर्धन तालुक्यातल्या वाडीवाल्यांची झोप उडाली. माझी सुपारीची वाडी, सुपारी विकली की चार दिवस रोकड घरात, शेजारचं घर शिटीच्या पल्ल्याबाहेर. मी पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला. रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय अलिबागला. दिघीहून आगरदांड्याला खाडीपलीकडे जायचं, मग मुरुडमार्गे. असे किती हेलपाटे झाले ते मोजणं मी सोडून दिलं. पोलिसांची चौकशी, शेजाऱ्यांचे जबाब, गरज काय याचा खुलासा. परवाना हातात पडेपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की झाली होती: एवढा खटाटोप केला तर घ्यायचं ते दणकट. पोलिसांच्या कमरेला असतं तसं ९ एमएम.

दुकानदार हसला. हे बोअर आपल्याकडे प्रतिबंधित आहे. त्याचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत, तो विषय केंद्रीय गृह मंत्रालयाचा, आणि सुपारीच्या रोकडीसाठी तो कोणी देणार नाही. खरं तर आमच्या तालुक्यातल्या माणसाला हे सांगावं लागू नये. १९९३च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडीला मुंबई बॉम्बस्फोटांचा जो माल उतरला, त्यानंतरच्या खटल्यांनी हत्यारांचा कायदा अख्ख्या देशाला तोंडपाठ करून दिला. संजय दत्तला झालेल्या शिक्षेत एके-५६ बरोबर ९ एमएम पिस्तूलही होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ती शिक्षा पाच वर्षांवर आणून कायम केली. तेव्हा कोणी कानाशी लागून ‘देतो नऊ एमएम, कागदाचं बघून घेऊ’ म्हणालं, तर चहाचा कप तिथेच ठेवून उठायचं.

मग उरतं काय? सर्वसाधारण परवानाधारकासाठी मुख्यतः पॉइंट ३२, म्हणजे ७.६५ एमएम. सरकारी आयुध कारखान्याचं ‘अशनी’ याच बोअरचं. नागरिकांसाठीची आयात ऐंशीच्या दशकापासून जवळपास बंद, म्हणून जुन्या परदेशी पिस्तुलांच्या किमती डोळे पांढरे करतात. दुकानात तीच आधी दाखवतात. मीही भुललो आणि एक जुनं घेतलं. कारण विचाराल तर चकाकत होतं.

पॉइंट ३२ म्हणजे खेळणं, असं पारावर सगळे म्हणतात. ही गोळी जॉन ब्राउनिंगने १८९९च्या सुमारास आणली. वजन साडेचार ग्रॅमच्या आसपास. पॉइंट ४५ची पंधरा ग्रॅमच्या घरात. ९ एमएमच्या गोळीत हिच्या अडीच पटीहून जास्त ऊर्जा असते. हे आकडे मलाही पाठ होते आणि त्यांचं वाईट वाटायचं. वाईट वाटणं थांबवलं ते सुभेदारकाकांनी. ते महाडकडचे, फौजी आंबवड्याचे. त्या गावात घरटी शिपाई. त्यांनी माझं पिस्तूल हातात घेतलं, वास घेतला आणि विचारलं, “वर्षाला किती गोळ्या उडवतोस?”

“घेतल्यापासून एकही नाही, काका.”

“मग तुला तोफ दिली तरी काय करशील? मोठ्या बोअरला धक्का मोठा. पहिली गोळी झाडलीस की नळी आढ्याकडे बघेल. दुसरी कुठे जाईल ते तुझं तुला कळणार नाही. आणि तुझ्या घराच्या भिंती कसल्या आहेत?”

भिंती! आमच्या जुन्या घराची माजघर-पडवीमधली भिंत म्हणजे फळ्या. गोळी चोरापाशी थांबते ही समजूत सिनेमातली. घरात झाडलेल्या गोळीला पुढे काय लागेल, हा बोअर निवडण्याआधीचा प्रश्न. मला तो कोणी विचारला नव्हता, मीही स्वतःला विचारला नव्हता.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर चढलं. कौलं उडाली, वाडी आडवी झाली, वीज किती दिवस नव्हती ते विचारू नका. कपाटात पाणी गेलं. पिस्तूल त्यातच होतं, चामड्याच्या म्यानात. पोफळींचे बुंधे उचलता उचलता त्याची आठवण झाली ती दोन आठवड्यांनी. चामडं पाणी धरून बसलेलं, स्लाइडवर तांबूस ठिपके, काडतुसांच्या पितळेवर हिरवट बुरशीसारखा थर. मी माजघरात पोत्यावर बसून साफ करायला घेतलं.

आता नीट वाचा. मी आधी स्लाइड मागे ओढली. गंजाने ती अडली, मग कुरकुरत आली आणि एक काडतूस टणकन बाहेर पडलं. स्लाइड सोडली. मग मॅगझिन काढलं. काडतूस बाहेर पडलेलं डोळ्यांनी पाहिलं होतं, मॅगझिन हातात होतं, म्हणजे पिस्तूल रिकामं. पुढे उघडण्यासाठी चाप ओढला.

बंद खोलीतला तो आवाज कानात नाही, दातांत बसतो. धूर, आणि मग एक बारीक सळसळ. कोठीच्या भोकातून तांदळाची धार लागली होती. कोठीच्या मागे फळ्या, फळ्यांमागे पडवी, पडवीत बायको ओली सुपारी निवडत बसलेली. गोळी तांदळात राहिली. चाळताना सापडली, नाकावर चेपलेली.

चूक क्रमाची होती. मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली की जुनं काडतूस बाहेर पडतं, आणि स्लाइड परतताना नवं चेंबरमध्ये नेते. सेमी-ऑटोमॅटिकचं कामच ते. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड ओढायची, ती मागे अडकवून चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं, अंधार असेल तर करंगळी घालून बघायचं. आणि हे सगळं होईपर्यंत नळी अशा दिशेला, जिथे गोळी गेली तरी कोणाचं काही जाणार नाही. रिव्हॉल्व्हरचं चक्र बाजूला काढलं की सगळी घरं एका नजरेत दिसतात. ज्याला वर्षातून दोनदाच हत्यार हातात घ्यायचं आहे, त्याने माझ्या मते रिव्हॉल्व्हरच बघावं. पिस्तूल सपाट असतं, कमरेला दिसत नाही, गोळ्या जास्त बसतात, हे सगळं मान्य. पण ते रोजच्या हाताचं यंत्र आहे.

मी स्वतःहून पोलीस ठाण्यात गेलो. शेजारी म्हणाले, वादळानंतरच्या गोंधळात कोणाला ऐकू गेलंय, गप्प बस. पण काडतुसांचा हिशोब असतो, रिकामी पुंगळीसुद्धा मागतात. नोटीस आली, खुलासा दिला, ताकीद मिळाली. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार अर्जदाराला सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. आमच्या वेळी ते नव्हतं. तुम्हाला मिळणार असेल तर नुसता शिक्का मारून घेऊ नका, शिकवणाऱ्याकडून चेंबर तपासणं शंभरदा करून घ्या.

खाऱ्या हवेत राहणाऱ्यांसाठी थोडं आणखी. चामड्याचं म्यान फक्त बाहेर नेताना, ठेवताना नाही. हात लावला की पुसून तेलाचा पातळ हात, घामही मिठाचाच. सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात महिन्याला बदलायच्या. भिंतीला बोल्टने आवळलेली लोखंडी पेटी, काडतुसं वेगळ्या कुलपात. हिरवी पडलेली काडतुसं ‘चालतील’ म्हणून ठेवू नका. विकत घेताना दुकानातच, रिकाम्या पिस्तुलाची स्लाइड ओल्या हाताने ओढून बघा. माझी मला सुक्या हातानेही जड जात होती, आणि ते मी दुकानात कळूनही बोललो नाही. बाहेर नेताना परवाना सोबत हवाच. २०२२च्या ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरला रायफली असलेली बेवारस बोट लागली, तेव्हा आमच्या प्रत्येक नाक्यावर गाड्या उघडून बघत होते.

आणि झाडायची वेळ आलीच तर कायदा काय म्हणतो, तेही आधीच वकिलाला विचारून ठेवा. बचावाचा हक्क गरजेपुरताच आहे. कुंपणावरून उडी मारून पळणाऱ्याच्या पाठीत मारलेली गोळी सहसा बचावात बसत नाही, मग पोत्यात कितीही रोकड असो.

आता सुपारीचे पैसे थेट बँकेत येतात. आचारसंहितेत पिस्तूल ठाण्यात जमा करायला सांगितलं की मी पहिल्याच दिवशी नेऊन देतो. परत आणायला मात्र दोनदा आठवण करावी लागते, आणि ती बायको करत नाही.